आज्ञावलीवरील शिक्कामोर्तब : शहापूर-मुरबाडचा स्वतंत्र आज्ञावलीकार आणि स्वाक्षरीचे प्रमाणपत्र

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाची आज्ञावली एकाने लिहावी आणि दुसऱ्याने आपल्या यंत्रावर चालवावी, असा तिचा स्वभावच आहे. लिहिणारा आणि चालविणारा यांची प्रत्यक्ष गाठ पडतेच असे नाही. पुष्कळदा ती पडत नाही. त्यामुळे चालविणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हाती आलेली आज्ञावली खरोखर कोणाची आहे, हा पहिला. आणि कर्त्याच्या हातून सुटल्यापासून आपल्या यंत्रापर्यंत पोचेतो तीत कोणी फेरफार केला आहे काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी जी व्यवस्था १९९६ पासून, म्हणजे मायक्रोसॉफ्टने ‘ऑथेंटिकोड’ नावाची पद्धती प्रचारात आणल्यापासून, रूढ होत गेली, ती म्हणजे आज्ञावलीची डिजिटल स्वाक्षरी होय. ज्या पत्राच्या आधारे ही स्वाक्षरी अमुक व्यक्तीची म्हणून ग्राह्य धरली जाते, त्यास ‘कोड सायनिंग’ प्रमाणपत्र अशी संज्ञा आहे.

मोठ्या कंपनीस हे प्रमाणपत्र मिळविणे म्हणजे कचेरीतील अनेक कामांपैकी एक काम असते. एकट्याने काम करणाऱ्या आज्ञावलीकाराची गोष्ट निराळी आहे; आणि तो महानगरापासून दूर राहत असेल तर ती अधिकच निराळी होते. शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे, सह्याद्रीला भिडलेले दोन तालुके या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. भातसा आणि तानसा या जलाशयांतून मुंबईला पाणी पुरविणारा शहापूर तालुका कल्याण-कसारा लोहमार्गावर वसलेला आहे; मुरबाडला कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने जावे लागते. भातशेती हा येथील पूर्वापार व्यवसाय. परंतु वासिंद-आसनगावाहून रोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांपैकी एखाद्याने नोकरी सोडून, पतसंस्थेची खतावणी, भातगिरणीचा हिशेब, शाळेची गुणपत्रके अशी कामे करणाऱ्या लहान आज्ञावल्या घरीच लिहून विकावयाचे ठरविले, तर त्यात आज नवल मानण्याचे कारण नाही.

अशा आज्ञावलीस गिऱ्हाईकही जवळच आहे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले, तेव्हा तेथील दुकानांतून कार्ड वाचणारी यंत्रे आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या आज्ञावलीवर पैशाचा व्यवहार सोपविण्याचा प्रसंग खेड्यातील माणसावर आता नित्य येतो.

आता असे समजावे की, अशा आज्ञावलीकाराने मुरबाडच्या एखाद्या पतसंस्थेस व्याजआकारणीची आज्ञावली दिली. संस्थेच्या लिपिकाने ती संगणकावर उघडताच, प्रकाशक अज्ञात असल्याचा व धोका संभवत असल्याचा इशारा पडद्यावर येतो. लिपिक दूरध्वनी करतो. आज्ञावलीकार सांगतो, ‘अधिक माहितीवर दाबा, आणि मग तरीही चालवा असे येईल त्यावर दाबा.’ काम होते. परंतु त्या दिवशी लिपिक एक धडा शिकलेला असतो : इशारा आला की तो ओलांडावयाचा. पुढे एखादा भामटा बँकेचा माणूस म्हणून दूरध्वनी करतो व हीच दोन वाक्ये उच्चारतो, तेव्हा लिपिकापाशी या दोन प्रसंगांत भेद करण्याचे कोणतेच साधन उरत नाही. प्रमाणपत्राचा प्रश्न केवळ आज्ञावलीकाराच्या सोयीचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

२. शिक्का आणि मोर्तब

डिजिटल स्वाक्षरीची कल्पना मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील राजपत्रांच्या शिरोभागी शिक्का, म्हणजे मुख्य मुद्रा, उमटविलेली असे. आणि मजकूर संपताच त्याखाली मोर्तब, म्हणजे मर्यादा दर्शविणारी लहान मुद्रा, केली जाई. पहिलीवरून पत्र कोणाचे हे कळे. दुसरीवरून मजकूर कोठे संपला हे निश्चित होई, आणि त्यापुढे एखादी ओळ घुसडण्यास वाव राहत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द भाषेत अजून टिकून आहे, तो या दुहेरी हमीमुळेच. आज्ञावलीच्या स्वाक्षरीतही नेमक्या याच दोन हमी असतात : कर्त्याची ओळख आणि मजकुराची अखंडता.

भेद आहे तो साधनात. येथे लाखेचे वा शाईचे काम गणित करते. प्रथम संपूर्ण आज्ञावलीवर एक ठराविक गणिती क्रिया करून तिचा एक आखूड ठसा काढतात. त्यास संगणकशास्त्रात ‘हॅश’ म्हणतात. आज्ञावली कितीही मोठी असली तरी हा ठसा ठराविक लांबीचाच असतो, आणि आज्ञावलीत एक अक्षर जरी बदलले तरी तो ओळखू येऊ नये इतका बदलतो. नंतर कर्ता आपल्यापाशी गुप्त असलेल्या ‘खाजगी किल्ली’ने त्या ठशावर स्वाक्षरी करतो. या किल्लीची एक जोडकिल्ली असते, ती ‘सार्वजनिक किल्ली’. ती सर्वांस खुली असते. तिने स्वाक्षरी तपासता येते, परंतु करता येत नाही. या पद्धतीचा पाया व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये घातला, व पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी तीस व्यवहार्य रूप दिले.

तथापि गणिताने एक गोष्ट सिद्ध होत नाही. ही सार्वजनिक किल्ली अमुक माणसाचीच आहे, असे गणित सांगू शकत नाही. किल्ल्यांची जोडी कोणासही घरबसल्या क्षणात तयार करता येते, आणि तीवर वाटेल ते नाव लिहिता येते. म्हणून, नाव आणि किल्ली यांची सांगड घालून देणारे पत्र तिसऱ्या, विश्वसनीय पक्षाने द्यावे, ही कल्पना लॉरेन कोनफेल्डर याने १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आपल्या प्रबंधात मांडली. हेच प्रमाणपत्र. ते देणाऱ्या संस्थांना प्रमाणन संस्था म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. स्वाक्षरी असलेली आज्ञावली चांगलीच असते, असे नाही. सदोष वा घातक आज्ञावलीवरही रीतसर स्वाक्षरी असू शकते. स्वाक्षरी एवढेच सांगते की ही वस्तू अमक्याची आहे व ती जशी त्याच्या हातून निघाली तशीच आहे. नुकसान झाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे तिच्यामुळे कळते. आणि जबाबदारीचा आरंभ नावापासूनच होतो.

३. मूळ मुद्रा आणि देशी डीएससी

प्रमाणन संस्थेच्या पत्रावर तरी विश्वास का ठेवावा, हा पुढचा प्रश्न. तिच्या पत्रावर तिच्याहून वरच्या प्रमाणपत्राची स्वाक्षरी असते, त्यावर आणखी वरच्याची, आणि या साखळीच्या टोकाशी एक ‘मूळ प्रमाणपत्र’ असते. त्यावर दुसऱ्या कोणाची स्वाक्षरी नसते. ते मान्य करावयाचे की नाही हे मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला, गुगल यांसारखे कार्यप्रणाली व न्याहाळक तयार करणारे ठरवितात आणि मान्य मूळ प्रमाणपत्रांची यादी आपल्या उत्पादनातच घालून देतात. मुरबाडच्या पतसंस्थेतील संगणक आज्ञावलीकारास ओळखतो की नाही, याचा निर्णय अशा रीतीने मुरबाडपासून फार दूर झालेला असतो.

भारतात डिजिटल स्वाक्षरी अपरिचित आहे असे मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. त्याने डिजिटल स्वाक्षरीस कायद्याची मान्यता दिली आणि प्रमाणन संस्थांना परवाने देण्यासाठी नियंत्रकाचे पद निर्माण केले. आज शहापूर-मुरबाडमध्ये ‘डीएससी’ वा ‘डोंगल’ हे शब्द सर्वतोमुखी आहेत. ई-निविदा भरणारे ठेकेदार आणि विवरणपत्रे भरणारे सनदी लेखापाल ते वापरतात. ग्रामपंचायतीचा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खर्ची टाकताना सरपंच व ग्रामसेवक यांच्या डीएससी लागतात. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला.

तेव्हा आज्ञावलीकाराच्या मनात साहजिकच येते की, तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या या डोंगलनेच आज्ञावलीवर स्वाक्षरी का करू नये? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिले असे की, प्रमाणपत्र कोणत्या कामासाठी दिले आहे हे त्यातच नमूद केलेले असते. दस्तऐवजावरील सहीसाठी दिलेले प्रमाणपत्र आज्ञावलीसाठी चालत नाही. विंडोज कार्यप्रणाली तो उद्देश तपासते आणि नसल्यास स्वाक्षरी नाकारते. दुसरे असे की, देशी साखळीचे मूळ प्रमाणपत्र जगातील सर्व मान्य याद्यांत समाविष्ट नाही. याचा अनुभव ई-आधारची प्रत उघडणाऱ्या प्रत्येकास येतो. तीवरील स्वाक्षरी खरी असते, कायद्याने ग्राह्य असते. तरीही ॲडोबीच्या वाचकात तिच्याजवळ प्रश्नचिन्ह दिसते आणि मूळ प्रमाणपत्र स्वहस्ते विश्वासार्ह ठरवीपर्यंत ते जात नाही. कायद्याची मान्यता आणि यंत्राची मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हे अंतर राहण्यास इतिहासही थोडा कारणीभूत आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलला असे आढळले की, भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राखाली काम करणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन शाखेतून गुगलच्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडली आहेत. नियंत्रकाने संबंधित दुय्यम प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली. गुगलने आपल्या क्रोम न्याहाळकात भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता थोड्या भारतीय संकेतनामांपुरती मर्यादित केली. ही प्रमाणपत्रे संकेतस्थळांची होती, आज्ञावल्यांची नव्हेत. परंतु मूळ मुद्रेवरचा विश्वास एका प्रसंगाने किती आकुंचित होऊ शकतो, हे तीवरून दिसून आले.

याचा अर्थ भारतीय संस्थेकडून असे प्रमाणपत्र मिळतच नाही, असा नव्हे. बेंगळुरूची ई-मुद्रा ही देशांतर्गत डीएससी देणारी परवानाधारक संस्था ‘एमसाइन’ या नावाने एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय साखळीही चालविते आणि तीमधून आज्ञावलीसाठी प्रमाणपत्रे देते. तात्पर्य, दुकान एकच असले तरी माल दोन प्रकारचा आहे. मागताना कोणता हवा ते स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे.

४. ओळख पटविण्याचे काम

प्रमाणन संस्थेचे खरे काम तपासणीचे. त्याचे नियम सीए-ब्राउझर फोरम या प्रमाणन संस्था व न्याहाळककर्त्यांच्या संयुक्त मंडळाने घालून दिले आहेत. अर्ज दोन प्रकारे करता येतो : व्यक्ती म्हणून किंवा संस्था म्हणून. व्यक्तीच्या बाबतीत शासकीय छायाचित्रित ओळखपत्र, पत्ता आणि अर्जदार तोच आहे याची खातरजमा, एवढे पाहिले जाते. खातरजमेसाठी काही संस्था चित्रसंवाद घेतात, तर काही नोटरीसमक्ष सही केलेले पत्र मागतात. संस्थेच्या बाबतीत कायदेशीर अस्तित्व, प्रत्यक्ष पत्ता, आणि अर्जदाराने स्वतः न कळविलेल्या, तिसऱ्या ठिकाणी नोंदलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून घेतलेली संमती, यांची तपासणी होते. ‘विस्तारित’ प्रकारच्या प्रमाणपत्रासाठी हीच तपासणी अधिक कडक असते.

एकमालकी व्यवसाय करणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. भारतीय कायद्यात एकमालकी व्यवसायास मालकाहून निराळे व्यक्तित्व नाही. कंपनीप्रमाणे त्याची मध्यवर्ती नोंदवही नाही. त्याच्या अस्तित्वाचा पुरावा विखुरलेल्या कागदांतून द्यावा लागतो : १ जुलै २०२० पासून सुरू झालेले उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, दुकाने व आस्थापना कायद्याखालील पोच, जिला लोक अजून ‘गुमास्ता’ म्हणतात, वस्तू व सेवा कराचा क्रमांक असल्यास तो, आणि व्यवसायाच्या नावाचे बँक खाते. ज्यास हा खटाटोप टाळावयाचा असेल त्याने व्यक्ती म्हणून अर्ज करावा, हे सरळ. मग प्रकाशक म्हणून त्याचे स्वतःचे नाव दिसेल, व्यवसायाचे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकव्यक्ती कंपनीची सोय केली आहे. परंतु लेखापरीक्षण व वार्षिक विवरणपत्रे यांचा भार तीबरोबर येतो, आणि केवळ एका प्रमाणपत्रासाठी तो पत्करणे सहसा परवडत नाही.

कागद असूनही ते एकमेकांशी जुळत नाहीत, हा ग्रामीण अर्जदाराचा दुसरा अनुभव असतो. मराठी नाव त्रिपदी : स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे, आणि आडनाव. एका कागदावर आडनाव आधी येते, दुसऱ्यावर मधले नाव आद्याक्षरापुरते उरते, तिसऱ्यावर ते गळते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत हा गुंता दुणावतो. रोमन लिपीत एकाच नावाची दोन-तीन लेखने प्रचारात असतात. दूरस्थ तपासनीसास ही भिन्न माणसे वाटली, तर त्यास दोष देता येत नाही. त्याचे कामच शंका घेण्याचे आहे.

पत्त्याचीही तीच गत. अर्जातील रकाने रस्ता आणि घरक्रमांक विचारतात. गावचा पत्ता मात्र मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा असतो, आणि पाड्यावरील घरास रस्त्याचे नाव नसते. शहापूर नावाची गावे तर अनेक आहेत. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात एक शहापूर आहे, बेळगाव शहराचा एक भाग शहापूर म्हणून ओळखला जातो. हे नाव रोमन लिपीत कोणी मधल्या स्वरासह लिहितो, कोणी त्याविना. अशा वेळी पिन क्रमांकच साहाय्यास येतो : शहापूरचा ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा व वीजदेयक हे स्थानिक दृष्टीने भक्कम पुरावे होत. परंतु मराठीतील उताऱ्याचे नोटरीकृत इंग्रजी भाषांतर जोडणे बहुधा इष्ट ठरते. छापील दूरध्वनी-निर्देशिका नाहीशा झाल्यामुळे क्रमांकाचा स्वतंत्र पुरावा देणेही कठीण झाले आहे. यावर उपाय म्हणून काही प्रमाणन संस्था सनदी लेखापालाचे वा वकिलाचे साक्षांकनपत्र स्वीकारतात. तालुक्याच्या ठिकाणी हे दोघेही भेटतात, ही त्यातली सोयीची गोष्ट.

यावरून व्यवहाराचा एक नियम निघतो. अर्ज करण्यापूर्वीच पॅन, आधार, पारपत्र, बँक खाते व उद्यम नोंदणी या सर्व ठिकाणी नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा करून घ्यावा. प्रमाणपत्राच्या विलंबाची बहुतेक कारणे याच एका कामात निस्तरतात.

५. किल्लीचे रक्षण

पूर्वी खाजगी किल्ली संगणकातील एका साध्या संचिकेत ठेवता येत असे. १ जून २०२३ पासून ती मुभा संपली. आता प्रत्येक कोड सायनिंग किल्ली ठराविक सुरक्षा-मानकास उतरलेल्या यंत्रात, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनात किंवा मोठ्या सुरक्षित उपकरणात, ठेवावी लागते. टोकनातून किल्ली बाहेर काढता येत नाही. स्वाक्षरी आतच होते. आरएसए पद्धतीच्या किल्लीची लांबी किमान ३०७२ बिट असावी, असाही नियम १ जून २०२१ पासून आहे.

या कडकपणास कारणे आहेत. २००१ च्या जानेवारीत व्हेरिसाइन या अमेरिकन प्रमाणन संस्थेने, मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या इसमास ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ या नावाची दोन प्रमाणपत्रे चुकून दिली. तेथे दोष तपासणीचा होता. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रे बिघडविली. तिच्या घटकांवर तैवानमधील रियलटेक व जेमायक्रॉन या दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या खऱ्या स्वाक्षऱ्या होत्या. तेथे दोष रक्षणाचा होता. मुद्रा खरी असून हात दुसऱ्याचा, अशी ही अवस्था. तिच्या निवारणासाठीच टोकन आले.

परंतु जो नियम मोठ्या कंपनीस संरक्षण देतो तोच एकट्या माणसास भारी पडतो. टोकन परदेशातून कुरिअरने येते, जकातीत अडकू शकते, आणि हरवल्यास प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे लागते. किल्ली प्रमाणन संस्थेच्या सुरक्षित यंत्रात ठेवून आंतरजालावरून स्वाक्षरी करण्याची सोयही मिळते. मात्र तीत स्वाक्षऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असू शकते आणि शुल्क वेगळे पडते. नामांकित संस्थांचे दर वर्षाकाठी शेकडो डॉलरांत आहेत. पाच-दहा गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या व्यवसायात हा खर्च किरकोळ म्हणता येणार नाही.

६. स्वाक्षरीनंतर

प्रमाणपत्र मिळाले आणि स्वाक्षरी झाली की सर्व इशारे थांबतात, ही अपेक्षाही पूर्णांशाने खरी ठरत नाही. प्रकाशकाच्या जागी नाव दिसू लागते, हे निश्चित. परंतु विंडोजमधील ‘स्मार्टस्क्रीन’ ही यंत्रणा स्वाक्षरीबरोबरच लौकिकही पाहते. म्हणजे ही आज्ञावली व हा प्रकाशक किती संगणकांवर, किती काळ, निर्वेधपणे वावरला आहे याचा हिशेब ठेवते. विस्तारित प्रमाणपत्र घेतल्यास हा लौकिक एकदम मिळे. मायक्रोसॉफ्टने ती सवलत आता काढून घेतली आहे. नवागतास काही काळ इशारा सोसावा लागतो. गावात नव्याने दुकान थाटणाऱ्याप्रमाणेच येथेही पत कालांतराने जमते, आणि ती नावावर जमते. म्हणूनच बिननावाच्या आज्ञावलीची पत कधीच साठत नाही, आणि प्रमाणपत्राचा खरा उपयोग येथे आहे.

दोन व्यावहारिक गोष्टी येथे नमूद करावयास हव्यात. स्वाक्षरी करताना विश्वसनीय यंत्रणेकडून काळाची मोहोर, म्हणजे ‘टाइमस्टँप’, घेतल्यास प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही ती स्वाक्षरी ग्राह्य राहते; न घेतल्यास मुदतीबरोबर तीही निकामी होते. पतसंस्थेत एकदा बसविलेली आज्ञावली अनेक वर्षे चालते, हे ध्यानात घेता ही मोहोर विसरणे महागात पडते. दुसरी गोष्ट मुदतीची. पूर्वी प्रमाणपत्र कमाल ३९ महिन्यांसाठी मिळे; १ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी ही मर्यादा ४६० दिवसांवर आणण्यात आली. म्हणजे ओळख पटविण्याचे सव्यापसव्य आता वरचेवर करावे लागणार.

७. अन्य मार्ग

ज्यास हा खर्च झेपत नाही त्यास काही पर्याय आहेत. मात्र प्रत्येकाची किंमत निराळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या भांडारातून आज्ञावली द्यावयाची झाल्यास व्यक्तीसाठीचे नोंदणीशुल्क २०२५ मध्ये जवळजवळ दोनशे देशांत रद्द करण्यात आले, आणि ‘एमएसआयएक्स’ स्वरूपातील आज्ञावलीवर मायक्रोसॉफ्ट स्वतःच स्वाक्षरी करते. जुन्या पद्धतीचा स्थापक तसाच सादर करावयाचा असल्यास मात्र कर्त्याची स्वाक्षरी लागते. ॲपलच्या संगणकांसाठी वर्षाला ९९ डॉलर भरून त्याच कंपनीकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून भांडाराबाहेरील आज्ञावलीही तपासणीसाठी ॲपलकडे पाठवावी लागते.

अँड्रॉइडवर आजवर निराळी रीत होती. तेथे कर्ता स्वतःच आपले प्रमाणपत्र तयार करी. अट एवढीच की पुढील प्रत्येक आवृत्तीवर त्याच किल्लीची स्वाक्षरी असावी. त्यामुळे अखंडता राही, परंतु नाव सिद्ध होत नसे. गुगलने २०२५ मध्ये जाहीर केले की, सप्टेंबर २०२६ पासून प्रथम ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत, भांडाराबाहेरून येणाऱ्या आज्ञावलीच्या कर्त्यासही आपली ओळख पटवावी लागेल. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे यावरून दिसते.

मुक्त स्रोताची आज्ञावली लिहिणाऱ्यास पोलंडमधील सर्टम ही संस्था कमी दरात व्यक्तिगत प्रमाणपत्र देते. साइनपाथ फाउंडेशन पात्र प्रकल्पांवर विनामूल्य स्वाक्षरी करते, परंतु मग प्रकाशक म्हणून त्या प्रतिष्ठानचे नाव झळकते. याच धर्तीवर, तालुक्यातील चार-पाच आज्ञावलीकारांनी एकत्र येऊन सहकारी संस्था किंवा मर्यादित दायित्व भागीदारी स्थापावी आणि एकच प्रमाणपत्र घ्यावे, हा विचार सुचण्याजोगा आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तो अपरिचितही नाही. मात्र अशा वेळी स्वाक्षरी संस्थेची असते; एका सभासदाच्या चुकीचा वा लबाडीचा डाग सर्वांच्या नावावर पडतो. सबब स्वाक्षरीपूर्वी दुसऱ्या सभासदाने आज्ञावली तपासावी आणि टोकन एकाच्याच स्वाधीन नसावे, हे नियम प्रथम ठरवावयास हवेत.

शेवटचा उपाय म्हणजे स्वतःच तयार केलेले मूळ प्रमाणपत्र गिऱ्हाइकाच्या संगणकांत बसवून देणे. एखाद्या बंदिस्त कचेरीपुरता तो चालू शकतो. परंतु त्यामुळे त्या संगणकावर आज्ञावलीकारास मूळ मुद्रेचा अधिकार मिळतो. त्याची किल्ली चोरीस गेल्यास चोरासही तोच अधिकार मिळतो. सामान्य गिऱ्हाइकास हा मार्ग सुचवू नये, हे बरे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसेल की, कोड सायनिंग प्रमाणपत्राची अडचण गणिताची नाही, यंत्राचीही फारशी नाही. माणसाचे नाव आणि ठिकाण दूरच्या परक्यास पटवून देण्याची ती अडचण आहे. ज्या आज्ञावलीकारास मुरबाडच्या बाजारपेठेत सारे ओळखतात, त्यालाच आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी कागदांची जुळवाजुळव करावी लागते. कारण ओळखीची स्थानिक साधने जगाच्या नोंदवहीत उतरलेली नाहीत. तपासणी शिथिल करणे हा यावरचा उपाय नव्हे. २००१ आणि २०१४ या सालांचे धडे तसे करू देणार नाहीत. देशी डीएससीच्या तपासणीत जे नाव एकदा सिद्ध झाले, ते आज्ञावलीच्या प्रमाणपत्रासाठीही ग्राह्य धरले जाईल अशी सांगड घालणे, हा अधिक फलदायी मार्ग होय. त्यासाठी देशी साखळीने जागतिक याद्यांचा विश्वास संपादन करणे आवश्यक आहे.

तोपर्यंत आज्ञावलीकाराच्या हाती जे आहे ते त्याने करावे : कागद एकसारखे ठेवावेत, किल्ली जपावी, काळाची मोहोर घ्यावी. आणि गिऱ्हाइकास इशारा ओलांडावयास शिकविण्याऐवजी, प्रकाशकाच्या जागी कोणाचे नाव आहे ते वाचावयास शिकवावे. ही सवय लावणे हे प्रमाणपत्राइतकेच मोलाचे काम आहे, आणि त्यास शुल्क पडत नाही.